कॉस्टिक सोडा : गोणीचे वजन नव्हे, मालाची ताकद पाहा

कापड धुणारा, सूत रंगवणारा, साबण करणारा, या तिघांच्याही कारखान्यात एक माल हमखास सापडतो. तो म्हणजे कॉस्टिक सोडा. रंग घेताना आपण दहा दुकाने फिरतो, नमुना मागतो, उजेडात धरून पाहतो. तेल घेताना वास घेतो, बोटावर चोळतो. कॉस्टिक मात्र नुसते वजन करून घेतला जातो. गोणी पन्नास किलोची, भाव अमुक, उचला आणि चला. हा माल हात लावून पाहण्यासारखा नाही, त्यामुळे कोणी फारशी चौकशीही करीत नाही.

नेमके येथेच नुकसान होते. कॉस्टिक हा असा माल आहे की तो खराब झाला म्हणजे त्याचे वजन घटत नाही, उलट वाढते. तराजू बरोबर, माप बरोबर, दुकानदाराच्या मनात खोट नाही, आणि तरीही घेणाऱ्याला माल कमी मिळालेला असतो. पुढे कापडावर डाग पडले की व्यापारी रंगाऱ्यावर नाराज होतो, रंगारी कापडाला दोष देतो, आणि मूळ कारण गोणीत तसेच राहते. म्हणून या मालाचा स्वभाव आपल्या कारागीर आणि व्यापारी बंधूंनी एकदा नीट समजून घ्यावा, यासाठी हा लेख.

तीन सोडे, तीन स्वभाव

बाजारात सोडा या नावाने तीन वेगळ्या वस्तू मिळतात. खाण्याचा सोडा सौम्य, धुण्याचा सोडा म्हणजे सोडा ॲश मध्यम, आणि कॉस्टिक सोडा सर्वांत तीव्र. रसायनशास्त्रात कॉस्टिकला सोडियम हायड्रॉक्साइड म्हणतात. सोडियम, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा एकेक अणू मिळून तो बनतो. शुद्ध माल पांढरा व कडक असतो आणि सुमारे ३२० अंश सेल्सियसला वितळतो. पाण्यात तो फार सहज विरघळतो. साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात १०० ग्रॅमपेक्षा जास्त कॉस्टिक मावतो.

अशा तिखट क्षारांना इंग्रजीत अल्कली म्हणतात. उर्दू शाळेत शिकलेल्यांना हा शब्द परका वाटू नये, कारण तो अरबीतल्या ‘अल-कली’वरून आलेला आहे. खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या वनस्पती जाळून जी राख मिळे तिला ‘कली’ म्हणत. आपल्याकडचा सज्जीखार त्याच जातीचा. नाबलूस आणि हलब येथील साबणवाले ही राख आणि कळीचा चुना एकत्र करून त्याच्या निवळीत जैतूनचे तेल शिजवीत. या दोन्ही शहरांच्या साबण बनविण्याच्या कलेची २०२४ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. त्या कारागिरांकडे प्रयोगशाळा नव्हती, पण राखेत चुना मिसळला की निवळी तिखट होते आणि नुसत्या राखेने न होणारे काम होते, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

चुन्यापासून विजेपर्यंत

राख आणि चुना यांची ती कृती म्हणजेच कॉस्टिक तयार करण्याची जुनी पद्धत. धुण्याचा सोडा आणि विरवलेला चुना पाण्यात उकळला की दोघांची अदलाबदल होते. कॉस्टिक पाण्यात राहतो आणि खडूसारखा पांढरा गाळ तळाशी बसतो. हिशेब असा की १०६ किलो निर्जल धुण्याचा सोडा आणि ७४ किलो विरवलेला चुना यांपासून ८० किलो कॉस्टिक आणि १०० किलो गाळ मिळतो. हा ८० आणि १०६ चा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेची पद्धत आली. मिठाच्या शुद्ध केलेल्या पाण्यातून वीज सोडली की एका बाजूला क्लोरीन वायू निघतो, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन निघतो आणि पाण्यात कॉस्टिक तयार होतो. पूर्वी यासाठी पाऱ्याचे सेल वापरीत. पारा हवेत आणि पाण्यात जाऊन माणसांना बाधतो, म्हणून पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात या पद्धतीला २०२५ ही अखेरची मुदत दिली गेली. आपल्या देशातील कारखाने त्याआधीच मोठ्या प्रमाणावर पडद्याच्या म्हणजे मेंब्रेन पद्धतीकडे वळले होते. या सेलमधून साधारण ३२ टक्क्यांचा द्राव निघतो. तो आटवून ४८ ते ५० टक्क्यांची लाय करतात आणि आणखी आटवून फ्लेक्स करतात.

व्यापाऱ्याने यातून एक गोष्ट घ्यावी. एक टन कॉस्टिकसाठी सुमारे दीड टन मीठ आणि दोन हजारांहून अधिक युनिट वीज लागते, आणि त्याच वेळी सुमारे ८९० किलो क्लोरीन तयार होतो. क्लोरीन साठवून ठेवणे धोक्याचे आणि खर्चाचे असते. क्लोरीनला गिऱ्हाईक नसेल तर कारखान्याला उत्पादन कमी करावे लागते आणि मग कॉस्टिकही कमी निघतो. म्हणून कापड बाजार थंड असतानाही कधी कधी कॉस्टिक महाग होतो. त्याचा भाव केवळ आपल्या मागणीवर नव्हे, तर विजेच्या दरावर आणि पीव्हीसीसारख्या क्लोरीन खाणाऱ्या धंद्यांवरही चालतो.

हवेत उघडा राहिला तर

आता मुख्य मुद्दा. कॉस्टिकला हवेतल्या दोन वस्तूंची ओढ असते. एक ओलावा आणि दुसरी कार्बन डाय-ऑक्साइड वायूची.

ओलाव्याचा हिशेब सोपा आहे. ९८ टक्के शुद्धतेच्या पन्नास किलो गोणीत खरा कॉस्टिक ४९ किलो असतो. पावसाळ्यात गोणी उघडी राहिली आणि तिने पाच किलो पाणी ओढले, तर वजन ५५ किलो होईल. खरा कॉस्टिक मात्र ४९ किलोच राहील, म्हणजे ताकद ८९ टक्क्यांवर आली. अशा गोणीतून सुटा दहा किलो माल नेणाऱ्याला ८ किलो ९०० ग्रॅम कॉस्टिक मिळाला आणि बाकीच्या वजनासाठी त्याने पाण्याचे पैसे भरले.

दुसरी प्रक्रिया सहज लक्षात येत नाही. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन कॉस्टिक पुन्हा धुण्याचा सोडा बनतो. वर सांगितलेला आकडा येथे उलटा लागू पडतो. ८० किलो कॉस्टिकचा १०६ किलो धुण्याचा सोडा होतो. वजन २६ किलोंनी वाढले आणि कॉस्टिक शून्य! अर्थात सगळी गोणी एका दिवसात अशी होत नाही. वरचा थर आधी जातो. फ्लेक्स एकमेकांना चिकटलेले, वर पांढरी भुकटी धरलेली, गोणी आतून ओलसर, असा माल दिसला की समजावे, हवा लागली आहे.

काही कारागीर ट्वाडल काट्यावर भरवसा ठेवतात. काटा उपयोगी आहे, पण तो द्रावाचा जडपणा सांगतो, कॉस्टिक किती हे सांगत नाही. धुण्याच्या सोड्यानेही पाणी जड होते आणि मिठानेही होते. ताज्या, चांगल्या मालाचा द्राव रोज एकाच ताकदीचा ठेवण्यासाठी काटा ठीक आहे. हवा लागलेल्या मालाची पारख त्याने होत नाही.

कापडात काय बिघडते

ग्रे कापडाच्या धाग्यात कापसाचे नैसर्गिक मेण, तेलकटपणा आणि पेक्टिन असते. भट्टीत गरम कॉस्टिक यांतील तेलकट भागाचा साबण करून टाकतो आणि बाकीचे सैल करून पाण्यात आणतो. साधारणपणे कापडाच्या वजनाच्या २ ते ४ टक्के कॉस्टिक लागतो. शंभर किलो कापडाला तीन किलो धरले आणि माल ८९ टक्क्यांचा निघाला, तर प्रत्यक्षात २ किलो ६७० ग्रॅमच पडला. मेण मागे राहते, पाणी एकसारखे शिरत नाही आणि रंग कुठे गडद, कुठे फिका बसतो. याची साधी परीक्षा अशी की भट्टीतून काढून वाळवलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकावा. दोन-तीन सेकंदांत थेंब जिरला तर भट्टी नीट झाली. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर ते कापड रंगाच्या हौदात घालू नये.

भट्टीत आणखी एक काळजी घ्यावी. गरम कॉस्टिक आणि हवा एकत्र आली की सुती धागा कमजोर होतो. म्हणून भट्टीतील हवा आधी काढून टाकतात आणि कापड पूर्ण बुडालेले ठेवतात. काम झाल्यावर कापडातला उरलेला कॉस्टिक भरपूर पाण्याने आणि शेवटी सौम्य ॲसिटिक ॲसिडने मारावा.

मर्सराइज्ड सूत ही याच मालाची देणगी आहे. लँकेशायरमधील जॉन मर्सर हे १८४४ च्या सुमारास सुती कापडातून कॉस्टिकचा द्राव गाळत असताना कापड आखडून जाड झालेले त्यांना दिसले. त्यांनी १८५० मध्ये पेटंट घेतले. पुढे १८९० मध्ये होरेस लो यांनी कापड ताणून धरले की चमकही येते हे दाखवले. या कामाला ५० ट्वाडलच्या आसपासचा, म्हणजे २० टक्क्यांहून थोडा जास्त ताकदीचा थंड द्राव लागतो. नीट मर्सराइज झालेले सूत तेवढ्याच रंगात जास्त गडद छटा घेते. येथे ताकद उतरली तर चमकही उतरते आणि रंगाची बचतही जाते. व्हॅट रंग आणि नीळ हायड्रोससोबत विरघळवण्यासाठी, तसेच नॅप्थॉल विरघळवण्यासाठीही कॉस्टिक लागतो. तेथेही कमी ताकदीचा फटका थेट छटेवर दिसतो.

लोकर आणि रेशीम यांच्यासाठी मात्र कॉस्टिक हा काळ आहे. ५ टक्क्यांच्या उकळत्या द्रावात लोकर काही मिनिटांत विरघळून जाते. कापूस आणि ॲक्रिलिक तसे विरघळत नाहीत. शालीचा व्यापार करणाऱ्यांनी संशयाचे चार धागे अशा द्रावात टाकून पाहिले तर शुद्ध लोकर म्हणून विकलेल्या मालात मिसळ आहे की नाही ते कळते. पॉलिएस्टरलाही गरम कॉस्टिक हळूहळू खातो. कापड मऊ आणि हलके करण्यासाठी प्रोसेसवाले त्याचा मुद्दाम उपयोग करतात.

साबणवाल्यांसाठी हिशेब

प्रत्येक तेलाला किती कॉस्टिक लागतो हे ठरलेले आहे. खोबरेल तेलाच्या दहा किलोंना सुमारे १ किलो ८३० ग्रॅम शुद्ध कॉस्टिक लागतो, शेंगदाणा तेलाच्या दहा किलोंना सुमारे १ किलो ३६० ग्रॅम. तेल आणि कॉस्टिक यांची प्रक्रिया होऊन साबण आणि ग्लिसरीन बनते. धुण्याचा सोडा साध्या घाण्यात हे काम करीत नाही, म्हणून हवा लागलेला माल येथे निरुपयोगी ठरतो.

९८ टक्के समजून खोबरेलासाठी १ किलो ८७० ग्रॅम तोलला आणि माल ८९ टक्क्यांचा असला, तर दहा किलोंपैकी सुमारे ९०० ग्रॅम तेल तसेच राहील. वडी चिकट होईल आणि काही दिवसांनी खवट वास येईल. यावर उपाय म्हणून काही जण अंदाजाने कॉस्टिक वाढवतात. ते अधिक धोक्याचे आहे. जुन्या गोणीच्या सवयीने २ किलो ६० ग्रॅम टाकू लागले आणि नवी, ताजी गोणी उघडली, तर त्या घाण्यात सुमारे १९० ग्रॅम कॉस्टिक मोकळा राहतो. असा साबण गिऱ्हाइकाचे हात जाळतो. एकदा गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

ताकद मोजण्याची रीत

ही तपासणी बारावी सायन्स शिकलेला मुलगा सहज करू शकतो. लागणारे सामान म्हणजे एक ब्युरेट, एक पिपेट, बारीक वजनकाटा, एक नॉर्मल ताकदीचे हायड्रोक्लोरिक ॲसिड, फिनॉल्फ्थॅलिन आणि मिथिल ऑरेंज. प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानात हे सर्व मिळते.

गोणीच्या वरच्या थरातला नव्हे, मधला नमुना घ्यावा. झटपट बरोबर ४० ग्रॅम तोलावा, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावा, गार होऊ द्यावा आणि एकूण एक लिटर करावा. त्यातील १० मिलिलिटर पिपेटने घ्यावे. पिपेट तोंडाने कधीही ओढू नये, रबरी फुगा वापरावा. फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले की गुलाबी रंग येईल. आता ब्युरेटमधून थेंब थेंब ॲसिड सोडावे. गुलाबी रंग गेला की आकडा लिहावा. हा पहिला आकडा. मग मिथिल ऑरेंज टाकून पिवळा रंग नारिंगी होईपर्यंत आणखी किती ॲसिड लागले ते लिहावे. हा दुसरा आकडा.

पहिल्यातून दुसरा वजा करून दहाने गुणले की कॉस्टिकची टक्केवारी मिळते. दुसऱ्याला साडेसव्वीसने गुणले की धुण्याच्या सोड्याची टक्केवारी मिळते. उदाहरणार्थ, पहिला आकडा ९.३ आणि दुसरा ०.३ आला, तर कॉस्टिक ९० टक्के आणि धुण्याचा सोडा सुमारे ८ टक्के. बाकी ओलावा वगैरे. दर किलोला ५० रुपये भाव धरला, तर या मालातला खरा कॉस्टिक ५५ रुपये ५५ पैसे किलोने पडला. शेजारच्या दुकानात ९८ टक्क्यांचा सीलबंद माल ५३ रुपयांना असेल, तर त्यातला खरा कॉस्टिक सुमारे ५४ रुपयांना पडतो, म्हणजे महाग दिसणारा मालच स्वस्त.

लाय घेतानाही हाच हिशेब ठेवावा. ४८ टक्क्यांच्या एक टन लायमध्ये खरा कॉस्टिक ४८० किलो आणि बाकीचे बहुतेक पाणी असते. भाडे मात्र पूर्ण टनाचे द्यावे लागते. कारखाना जवळ असेल तर लाय परवडते, लांब असेल तर फ्लेक्स. शिवाय ५० टक्क्यांची लाय सुमारे १२ अंशांखाली गोठू लागते, हे थंडीत पिंप बाहेर ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

भांडी आणि साठवण

कॉस्टिकसाठी लोखंडी किंवा जाड प्लास्टिकचे भांडे चालते. ॲल्युमिनियम अजिबात चालत नाही. कॉस्टिक ते खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी किंवा ठिणगी असली तर भडका उडतो. जस्ताचा मुलामा दिलेली बादली आणि कलई केलेले भांडेही तो खातो. काचेचे बूच काही दिवसांत बाटलीला कायमचे चिकटते, म्हणून बूच रबरी किंवा प्लास्टिकचे असावे. नवसागराजवळ कॉस्टिक ठेवू नये. दोन्ही ओले होऊन मिसळले तर डोळ्यांत झोंबणारा अमोनिया निघतो.

उघडलेली गोणी घट्ट झाकणाच्या प्लास्टिक पिंपात रिकामी करावी. पिंप फळीवर ठेवावे, ओल्या फरशीवर नव्हे. पावसाळ्यापुरता माल एकदम भरून ठेवण्यापेक्षा लागेल तसा आणणे चांगले.

हात आणि डोळे

या मालाचे सर्वांत मोठे नुकसान पैशांचे नाही. कॉस्टिक कातडीतील चरबीचा साबण करतो आणि मांस विरघळवतो. हात बुळबुळीत लागतो, पण पुष्कळदा लगेच आग होत नाही. त्यामुळे कारागीर हात पुसून कामाला लागतो आणि जखम आत उतरत राहते. डोळ्यात एक थेंब गेला तर नजर जाऊ शकते.

विरघळवताना नेहमी थंड पाण्यात कॉस्टिक थोडा थोडा टाकावा. कॉस्टिकवर पाणी ओतू नये. चार लिटर पाण्यात एक किलो विरघळवला तरी तापमान सुमारे पन्नास अंशांनी वाढते, मग कोरड्या ढिगावर तांब्याभर पाणी पडले तर ते उसळून तोंडावर येईल यात नवल नाही. रबरी हातमोजे, बंद चष्मा आणि गमबूट यांचा खर्च एका गोणीच्या खर्चापुढे काहीच नाही.

अंगावर पडल्यास कोरडे कण आधी झटकावे, भिजलेले कपडे काढावेत आणि वाहत्या पाण्याखाली अर्धा तास धुवावे. डोळ्यातही पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ पाणी सोडावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये. पोटात गेल्यास उलटी करवू नये. आणि एक कळकळीची विनंती : सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत लाय कधीही भरून ठेवू नका. घरात आणि कारखान्यात मुले वावरतात, त्यांना फरक कळत नाही.

खरेदीच्या वेळी

२०१८ च्या क्वालिटी कंट्रोल आदेशाने कॉस्टिक सोड्यावर भारतीय मानक २५२ चा मार्क बंधनकारक केला. तो मार्क, कारखान्याचे नाव आणि उत्पादनाचा महिना गोणीवर पाहावा. शिलाई आणि आतली प्लास्टिक पिशवी शाबूत आहे का ते पाहावे. बिलावर वजनासोबत टक्केवारीही लिहून घ्यावी. सुटा माल घेणे भागच असेल तर नवी गोणी आपल्यासमोर उघडायला सांगावी.

लहान कारागिराला सीलबंद गोणी जड जाते, हे खरे आहे. अशा वेळी मोहल्ल्यातील चार-पाच जणांनी मिळून गोणी घ्यावी आणि त्याच दिवशी बंद डब्यांतून वाटून घ्यावी. तपासणीचे सामानही सामाईक ठेवता येईल. विकणाऱ्या बंधूंनाही सांगणे आहे की उघड्या गोणीचे वाढलेले वजन ही कमाई नव्हे. ते पाणी आहे, आणि त्याचे पैसे गरीब रंगाऱ्याच्या खिशातून येतात. पिंपाला झाकण लावणाऱ्या दुकानदाराचा माल अखेरपर्यंत सारखा राहतो आणि त्याच्याकडे गिऱ्हाईक टिकते.